सलीम अली आणि रस्त्याकडेची झाडे

नोव्हेंबर महिना आला की महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. तो ज्या दिवशी संपतो तो १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. शाळांत त्या दिवशी पाखरांची चित्रे लागतात, मुले निबंध लिहितात, भाषणांत त्यांना पक्ष्यांचा मित्र म्हटले जाते. हे सर्व योग्यच आहे. मात्र कोकणच्या किनाऱ्यावर, बेकारीच्या दिवसांत त्यांनी जे एक लहानसे काम केले, ते फारसे कोणी सांगत नाही. फूल आणि पाखरू यांच्यातील देवघेवीचे ते काम होते. आज गावोगावी रस्ते रुंद होत आहेत आणि त्यांच्या कडेला कोणती झाडे लावावीत हा प्रश्न नगरपालिकांपासून मशिदीच्या विश्वस्तांपर्यंत सर्वांपुढे आहे. अशा वेळी सलीम अलींचे चरित्र त्या कामाच्या अंगाने वाचणे उपयोगाचे ठरेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. इबादतीचा नमुना म्हणून हे चरित्र येथे मांडलेले नाही; तसा दावा त्यांनी स्वतःही कधी केला नाही. परंतु अल्लाहने निर्माण केलेल्या सृष्टीकडे धीराने पाहावे, पाहिले तेवढेच सांगावे आणि मिळालेले ज्ञान लोकांच्या हाती सोपवावे, या तीन बाबतींत त्यांचे आयुष्य आपल्याला पुष्कळ शिकवून जाते.

खेतवाडीतील पोरके मूल

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना आपल्या खेतवाडीच्या घरी वाढवले. स्वातंत्र्यलढ्यातील नेते अब्बास तय्यबजी हे त्यांच्या नात्यातलेच. अनाथाचा सांभाळ करणाऱ्याला आपल्या दीनमध्ये केवढा मान आहे हे वाचकांना ठाऊक आहे. त्या मामा-मामींनी दार उघडे ठेवले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली आणि मुलगा घराच्या आवारात चिमण्या टिपू लागला. दहा-बारा वर्षांचे वय. एके दिवशी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. रोजच्या चिमणीला असा डाग नसतो. मग हे पाखरू कोणते, आणि ते खाणे हलाल आहे की नाही, अशी शंका मुलाच्या मनात आली. ओळख पटेपर्यंत ते खाऊ नये, एवढी जाण त्या घराने त्याला दिली होती. चिमणी घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली.

ही संस्था १८८३ पासून मुंबईत होती आणि अमीरुद्दीन तिचे सभासद होते. बुजऱ्या मुलाचे मिलार्ड यांनी आपुलकीने स्वागत केले. ते पाखरू पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, कपाटांचे खण उघडून जतन केलेले शेकडो पक्षी दाखवले, वाचायला पुस्तके दिली, आणि पुढे पाखराचे कातडे भरून कसे ठेवावे हेही शिकवले. हलाल-हरामच्या एका साध्या शंकेतून ज्ञानाची केवढी वाट उघडली, हे येथे ध्यानात घ्यावे. शंका आली तेव्हा मुलाने ती दाबली नाही. मामांनी ठाऊक नसताना काहीतरी उत्तर दिले नाही. आणि ज्याला ठाऊक होते त्याने वेळ देण्यात कंजुषी केली नाही.

पदवीविना विद्वान

मुलगा अभ्यासात चमकणारा नव्हता. १९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर महाविद्यालयात मन रमले नाही, म्हणून तो ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेला. तेथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. धंदा पाहण्यापेक्षा रानात हिंडणेच अधिक झाले. १९१७ मध्ये परत आल्यावर त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबाचे शिक्षण घेतले. त्याच सुमारास सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्रही शिकले. १९१८ च्या डिसेंबरात तहमीना बेगम यांच्याशी विवाह झाला. इंग्लंडमध्ये शिकलेल्या या बाईंना पुढे तंबूतले जगणे लाभले आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारले.

विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी संशोधन खात्याचे दार उघडले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. आपले ज्ञान अपुरे आहे याची जाणीव झाल्यावर त्यांनी १९२८ मध्ये अभ्यासरजा घेतली आणि ते बर्लिनला गेले. तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे शिस्तबद्ध शिक्षण घेतले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, हेही त्यांनी तेथे पाहिले.

१९३० मध्ये मायदेशी परतले तो पैशाअभावी म्युझियममधील ती जागाच रद्द झाली होती. वय चौतीस, युरोपातील उत्तम गुरूचे शिक्षण, आणि हाती काम नाही. मुंबईत राहणे परवडेना, तेव्हा पती-पत्नी अलिबागजवळ किहीम येथे तहमीना बेगमांच्या माहेरच्या घरी राहायला गेले. नारळी-पोफळीच्या त्या गावात त्यांना नोकरी नव्हती. पण वेळ होता, आणि दाराशीच पाखरांची वसाहत होती.

किहीमची सुगरण आणि आंब्यावरचे बांडगूळ

किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांनी घरटी विणायला घेतली होती. सलीम अली आडोसा करून तासन्‌तास त्यांच्याकडे पाहत बसले. नर घरटे अर्धे विणून थांबतो, माद्या येऊन ते तपासतात, एखादीने पसंत केले की मगच नर ते पुरे करतो, आणि तिचा संसार मार्गी लागला की दुसऱ्या घरट्याला हात घालतो, हे त्यांनी दिवसामागून दिवस नोंदवले. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनेक शतके लोकांच्या डोळ्यांसमोर असलेल्या पाखराचे खरे जीवन तोवर कोणी नीट पाहिले नव्हते.

त्याच वर्षी त्यांचा आणखी एक छोटा लेख आला. कोकणातल्या झाडांवर माजणारे बांडगूळ हा त्याचा विषय. बांडगूळ दुसऱ्या झाडाच्या फांदीत मुळे रुजवून त्याचा रस घेते. आंब्याच्या बागायतदाराला ते शत्रूसारखे वाटते. ते एका झाडावरून दुसऱ्यावर जाते कसे, याचा शोध घेताना सलीम अलींना दोन पाखरांची दोन कामे दिसली. बांडगुळाच्या लांब नळीसारख्या फुलांतील मध प्यायला शिंजीर येतो. चोच आत घालताना पराग त्याच्या कपाळाला लागतात आणि तो ते दुसऱ्या फुलावर नेऊन ठेवतो. पुढे फळ धरले की चिमुकला फुलटोच्या ते गिळतो. त्याच्या विष्ठेतून बाहेर पडणारे चिकट बी फांदीला चिकटून तेथेच रुजते. पहिल्यावाचून फळ धरत नाही, दुसऱ्यावाचून बी जागेवर पोहोचत नाही.

बागायतदाराच्या दृष्टीने ही कीडच होती, आणि सलीम अलींनी तिचे समर्थन केले नाही. त्यांनी फक्त दाखवून दिले की झाड एकटे नसते. ते कोणाला तरी खाऊ घालते आणि त्याच्याकडूनच आपला वंश पुढे नेण्याचे काम करून घेते.

पाखरे आणि फुले

या निरीक्षणातून पुढचा मोठा लेख निघाला. १९३२ मध्ये त्यांनी भारतातील फुलांवर जाणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुले यांविषयी सविस्तर लिहिले. फुलाचे परागीभवन म्हटले की मधमाशी आणि फुलपाखरू हीच नावे तेव्हा घेतली जात. आपल्या देशात कितीतरी झाडांचे हे काम पाखरे करतात, हे त्यांनी नावानिशी मांडले.

आपल्या सर्वांच्या परिचयाची तीन झाडे घ्या. हिवाळा सरता सरता काटेसावरीची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांवर पेल्यासारखी मोठी लाल फुले येतात. प्रत्येक पेल्यात मधुरस साचलेला. पांगारा आणि पळसही पाने टाकूनच फुलतात. लाल-केशरी रंग, दाट पाकळ्या, भरपूर पातळ रस आणि गंध जवळजवळ नाही, ही पाखरांसाठी मांडलेल्या फुलांची खूण. पाखरांना रंग चांगला दिसतो, वासाची त्यांना फारशी गरज नसते. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, चष्मेवाला, आणि मध्य आशियातून थंडीत उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे या झाडांवर तुटून पडतात. डोक्यावर पराग माखून ती एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. त्या ऋतूत रानात इतर फुलोरा आणि पाणी दोन्ही कमी असते. त्यामुळे ही झाडे पाखरांचा आधार असतात.

सलीम अली भावनेच्या भरात लिहिणारे नव्हते. नमुने गोळा करण्यासाठी त्यांनी आयुष्यभर बंदूक वापरली आणि ते लपवलेही नाही. पाखरांची उपयुक्तता सांगतानाही त्यांनी व्यवहाराची भाषा वापरली. सावरीचे लाकूड काडेपेट्यांसाठी जाते, म्हणजे आपण ओढतो त्या काडीमागे मैना आणि कोतवालाचे श्रम आहेत, हे त्यांनी वाचकाच्या ध्यानात आणून दिले. पळसावर लाख पिकते. पांगारा मळ्यांमध्ये सावलीसाठी लावतात. पाखरांचे नुकसान हे शेवटी माणसाच्याच पोटावर येते, असे त्यांचे सांगणे होते.

तंबूतील संसार आणि लोकांच्या हाती दिलेले ज्ञान

नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी पगार न घेता तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करून देतो. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली, पाठोपाठ त्रावणकोर-कोचीनची. पुढे इतर संस्थानेही आली. या सर्व भटकंतीत तहमीना बेगम बरोबर होत्या. तंबू, स्वयंपाक, नोंदी, पाहुणे, सारे त्या सांभाळत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. मुंबईत बहीण आणि मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले आणि कामात अधिकच बुडाले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. तोवर पक्षिज्ञान जाडजूड ग्रंथांत आणि साहेबांच्या दिवाणखान्यांत अडकलेले होते. या एका पुस्तकाने ते सामान्य वाचकाच्या हाती आले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. स्वातंत्र्यानंतर सोसायटी बंद पडते की काय अशी वेळ आली, तेव्हा पंडित नेहरूंकडे शब्द टाकून त्यांनी ती वाचवली. भरतपूरचे पाणपक्ष्यांचे वन आणि केरळातील सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले.

पद्मभूषण १९५८ मध्ये आणि पद्मविभूषण १९७६ मध्ये मिळाले. वन्यजीव संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय गेटी पुरस्कार मिळाला तेव्हा त्याची मोठी रक्कम त्यांनी सोसायटीच्या कामासाठी देऊन टाकली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या नावात लहानपणीची ती चिमणीच आहे. २० जून १९८७ रोजी मुंबईत नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दक्षिण भारतातील एका दुर्मीळ फळवाघळालाही शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव दिले आहे. वाघळाला आपल्याकडे अपशकुनी मानतात. पण रात्री उमलणाऱ्या कितीतरी फुलांचे परागीभवन फळवाघळेच करतात.

बेलवलीच्या रस्त्यावर हे चरित्र काय सांगते

अंबरनाथ तालुक्यातील बदलापूर आणि त्यातील आमची बेलवली गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढली. पूर्वी जेथे भातखाचरे आणि कुंपणाची झुडुपे होती तेथे इमारती आल्या, रस्ते काँक्रिटचे झाले. बेलवली हे नाव ऐकताच बेलाचे झाड डोळ्यांपुढे येते. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. परंतु जांभळाच्या नाजूक पांढऱ्या मोहोरावर माशी बसली तरच फळ धरते, हे मात्र आपण विसरतो. मानांकन फळाला मिळाले; माशीला राहायला जागा हवी, ती कोणी द्यायची?

रस्त्याकडेला झाड लावणे ही आपल्या देशातील जुनी रीत आहे. सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावली आणि सराया बांधल्या. आग्र्याहून निघणारा त्याचा एक रस्ता बुऱ्हाणपूरपर्यंत येत होता. त्या काळी पांथस्थाच्या सावलीचा विचार होता. आज केंद्र सरकारचे २०१५ चे हरित महामार्ग धोरणही आहे. मात्र बहुतेक ठिकाणी लवकर वाढणारे, शोभेचे, गुरे न खाणारे झाड निवडले जाते. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष आणि गिरिपुष्प अमेरिका खंडातले. त्यांच्यावर एकही पाखरू येत नाही असे नव्हे. गिरिपुष्पावर माशा दिसतात. पण येथल्या फुलपाखराची अळी ज्या पानावर वाढते ते पान, आणि येथल्या माशीला ज्या महिन्यात अन्न हवे त्या महिन्यातला मोहोर, हे दोन्ही बहुधा येथल्याच झाडांकडे मिळते. बहाव्याच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पोसतात आणि त्याच्या फुलांवर काळा भुंगा येतो. गुलमोहराच्या रांगेत हा संसार उभा राहत नाही.

रस्त्याची कडा अरुंद असली तरी ती सलग असते, आणि हेच तिचे बळ आहे. सातेरी माशी आपल्या पोळ्यापासून साधारण एक-दोन किलोमीटरच्या टापूत अन्न शोधते. पोयाची इवली माशी त्याहूनही कमी. मधला मुलूख नुसता काँक्रिटचा असेल तर टेकडीवरची माशी वाडीतल्या जांभळापर्यंत पोहोचत नाही. रस्त्याच्या कडेने फुलांचा माग असेल तर ती टप्प्याटप्प्याने येते.

म्हणून झाड निवडताना त्याच्यावर कोण जगेल आणि ते कोणत्या महिन्यात फुलेल, हे दोन प्रश्न विचारावेत. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा, पळस. त्याच सुमारास जांभळाचा मोहोर. पुढे उन्हाळ्यात करंज, बहावा आणि आपल्या राज्याचे फूल ताम्हण. झाडांखाली धायटी, निरगुडी, मुरुडशेंग, अडुळसा अशी झुडुपे. पावसाळ्यात कडेला आपोआप उगवणारा तेरडा आणि कवळा. या साऱ्यांची सांगड घातली तर वर्षातील फारच थोडे दिवस माशी उपाशी राहील. एकाच जातीची लांबलचक रांग दिसायला सुंदर. पण तिची मेजवानी पंधरा दिवसांत संपते.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते खरे आहेत. भरधाव वाहनांच्या रस्त्याला खेटून फुलझाड लावले तर त्यावर येणारी पाखरे गाडीखाली जातात. सावरीला काटे असतात आणि तिच्या फांद्या वाऱ्यात मोडतात. पळस सावकाश वाढतो. त्यासाठी मोठी झाडे रस्त्यापासून आणि विजेच्या तारांपासून अंतर राखून लावावीत. वस्तीतल्या कमी वेगाच्या रस्त्यांना, शाळा-मशिदीच्या आवारांना आणि नाल्यांच्या काठांना प्राधान्य द्यावे. वेळ लागणार हे मान्य करूनच पळस लावावा. पांगाऱ्याची जाड फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी रोवली तरी जगते. पळसाचे ताजे बी थेट जमिनीत टोचता येते.

लावण्याहून राखणे कठीण. आपल्याकडे चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने कोरडे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी दिले नाही तर फोटोपुरती झालेली लागवड होळीपर्यंत वाळून जाते. मशिदीत रोज पाच वेळा वुजूचे पाणी वाहून जाते. त्यात साबण नसतो. एका साध्या नळीने ते आवाराबाहेरील रोपांकडे वळवता येते. खोडाभोवती काँक्रिट ओतू नये, हातभर माती मोकळी ठेवावी. कडेचे गवत आणि तेरडा फुलात असताना कापू नये. बी गळून गेल्यावर कापावे, म्हणजे पुढच्या वर्षी ते पुन्हा उगवतात. कीटकनाशक आणि तणनाशक तेथे मारू नये. जुने झाड आड येत असेल तर नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे; परवानगीवाचून कुऱ्हाड चालवणे हा गुन्हा आहे, हे शेजाऱ्यालाही सांगावे.

वाचकहो, एखाद्याने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, ही शिकवण आपण मिंबरावरून अनेकदा ऐकली आहे. कुरआनातील एका सूरहचे नावच मधमाशीवरून आहे, आणि ज्या जिवांना मारण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली त्यांत मधमाशीचा समावेश आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची शाखा आहे. मग वाटेच्या कडेला जिवांचे अन्न उभे करण्याचे मोल किती असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. सदक्याच्या त्या शिकवणीत माणसाबरोबर पाखराचेही नाव आहे. पाखराला ज्याच्यावर काहीच मिळत नाही असे झाड लावून आपण त्या पुण्याचा एक वाटा स्वतःच सोडून देतो.

सलीम अलींकडे किहीममध्ये नोकरी नव्हती, साधने नव्हती, पदवी नव्हती. त्यांनी शत्रू समजल्या जाणाऱ्या एका बांडगुळापुढे बसून त्याच्यावर कोण येते आणि काय घेऊन जाते, एवढेच पाहिले. आपल्यालाही तेवढे करता येईल. येत्या फाल्गुनात बेलवलीच्या किंवा आपापल्या गावच्या रस्त्यावर एखादा पळस अजून उभा असेल तर फजरच्या नमाजनंतर मुलांना घेऊन त्याच्याखाली पाव तास थांबावे, कोणकोणती पाखरे येतात ते मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. पावसाळ्यापूर्वी नगरपालिकेकडे झाडांची यादी द्यायची वेळ येईल तेव्हा ती वही बरोबर न्यावी. अल्लाह आपल्याला त्याच्या सृष्टीची अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.